गलबतांचा पावसाळा
शिडाच्या लाकडी गलबताचे आयुष्य किती, हे बरेचसे पावसाळ्यात ठरत असे. नैऋत्येचे वारे सुरू झाले की कोकणपट्टीवरची शिडाची वाहतूक थांबे. ज्येष्ठाच्या तोंडावर ओढून घेतलेली गलबते नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा पाण्यात लोटली जात. डागडुजीचा सारा धंदा या सक्तीच्या सुट्टीवर चाले.

या कामाचे महत्त्व राज्यकर्त्यांनाही ठाऊक होते. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. समुद्र खवळण्याआधीच आरमार सुरक्षित बंदरात आणावे, दरवर्षी एकाच बंदरात छावणी करू नये, दोर-शिडे नीट जतन करावीत, असे त्यात बजावले आहे. लाकडासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडे जबरदस्तीने तोडू नयेत, हेही तिथेच आहे. आंग्र्यांच्या काळात विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे वाघोटण खाडीच्या काठी खडक कोरून गोदी केलेली होती. शंभर मीटरांहून लांब असलेल्या या गोदीचे अवशेष आजही दिसतात. सामान्य नाखव्याला मात्र खाडीची वाळू पुरे.

गलबत बाहेर काढायला उधाणाची भरती साधावी लागे. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या भरतीला ते काठाशी आणायचे आणि ओंडक्यांवरून वर ओढायचे. डोलकाठी, परबाण, शीड, दोर उतरवून कोरड्या जागी ठेवायचे आणि वर नारळाच्या झापांचे छप्पर घालायचे. छप्पर पावसासाठी तसेच उन्हासाठीही लागे. खारे पाणी लाकूड टिकवते, साचलेले पावसाचे पाणी ते कुजवते आणि कडक ऊन फळ्यांचे सांधे उघडे पाडते. लाकूड पोखरणारा, अळीसारखा दिसणारा शिंपलावर्गीय जीव हा सगळ्यांत मोठा शत्रू. तो खाऱ्या पाण्याबाहेर फार काळ जगत नाही, म्हणून खाडीच्या वरच्या गोड्या पाण्यात काही दिवस गलबत ठेवणे किंवा ते सुकवणे हाच जुना उपाय होता.

मग सुताराचे काम सुरू होई. फळी ठोकून आवाजावरून पोकळ भाग ओळखायचा, तेवढाच कापून नवा तुकडा बसवायचा. तळाचा कणा म्हणजे पठाण धड असेल तर बाकीचे सारे हळूहळू बदलता येई. पठाण गेले की गलबत मोडीत. फळ्यांना सागवान सर्वांत चांगले. त्यातल्या तेलामुळे लोखंडी खिळेही लवकर गंजत नाहीत. सांध्यांत कापूस ठोकून भरायचा, वर राळ आणि तेल यांचे मिश्रण लावायचे. पाण्याखालच्या भागाला चुना आणि तेलाचा लेप, वरच्या भागाला माशाचे तेल. त्या तेलाच्या वासाने अख्खा काठ भरून जाई. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगे आणि उरलेल्या बारीक फटी आपोआप बंद होत. पहिले काही दिवस थोडे पाणी आत आले तरी अनुभवी तांडेल घाबरत नसे.

घाटावरच्या माणसांचा या धंद्याशी संबंध नव्हता, असे समजणे चुकीचे ठरेल. बेळगावच्या पश्चिमेला असलेल्या उचगावच्या परिसरातून वाहणारी मार्कंडेय नदी घटप्रभेला मिळते आणि तिचे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. माल मात्र उलट दिशेने, वेंगुर्ल्याला जाई. वेंगुर्ल्यात 1637 मध्ये डचांनी वखार घातली होती, 1812 मध्ये ते इंग्रजांकडे आले. आधी रामघाटाने आणि नंतर आंबोलीच्या रस्त्याने बेळगाव भागातला कापूस, गूळ, हिरडा बंदरात उतरे. मीठ, नारळ, सुकी मासळी वर येई. उचगाव फाटा आजही याच बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यावर आहे. गाड्यांचा हंगाम आणि गलबतांचा हंगाम एकच होता, कारण पावसाने दोन्ही अडत.

1880 च्या दशकात बेळगावला रेल्वे आली, मुरगावचे बंदर लोहमार्गाने घाटावरच्या मुलखाशी जोडले गेले आणि वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरू लागला. पुढे इंजिने आली, त्यानंतर फायबरच्या होड्या. फायबरला ना कापूस लागतो, ना राळ. सागवान महाग झाले ही अडचण खरीच. पण आवाजावरून कुजका भाग ओळखणारा कारागीर मिळेनासा झाला, ही तिच्याहून मोठी.

जुन्या जहाजाच्या जीर्णोद्धाराचे ठळक उदाहरण सापडते ते इंग्लंडमध्ये. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली मलबारी सागवानात बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ हे लढाऊ जहाज 1817 मध्ये पाण्यात उतरले. हार्टलपूल येथे 1990 ते 2001 या काळात त्याची पुनर्बांधणी झाली. मूळ सागवान मोठ्या प्रमाणात शाबूत निघाले, म्हणूनच ते शक्य झाले. भारतात प्रयत्न झाला तो नव्याने बांधण्याचा. अजिंठ्याच्या चित्रातील जहाजावरून, फळ्या काथ्याच्या दोरीने शिवून गोव्यात तयार केलेले ‘कौंडिन्य’ फेब्रुवारी 2025 मध्ये पाण्यात उतरले आणि त्याच वर्षी मे महिन्यात कारवार येथे नौदलात दाखल झाले. त्याची शिवण केरळच्या कारागिरांनी घातली.