लांदा, आल्फ्रेदो
लांदा, आल्फ्रेदो : (३ मार्च १९३३ – ९ मे २०१३). विख्यात स्पॅनिश चित्रपट-अभिनेते. त्यांच्या आडनावावरून 'लांदिस्मो' हा शब्द स्पॅनिशमध्ये रूढ झाला. जन्म पांप्लोना येथे. सान सेबास्तियान येथे ते कायदा शिकू लागले. परंतु विद्यार्थी-रंगभूमीची ओढ लागून त्यांनी शिक्षण अर्ध्यावर सोडले आणि १९५८ मध्ये माद्रिद गाठले. होसे मारिया फोर्के यांच्या 'आत्राको आ लास त्रेस' (१९६२) या विनोदी चित्रपटामुळे ते प्रेक्षकांच्या नजरेत भरले.

ठेंगणा बांधा आणि चारचौघांसारखा चेहरा हेच त्यांचे भांडवल ठरले. फ्रँको राजवटीच्या अखेरच्या वर्षांत पर्यटकांबरोबर मोकळी जीवनशैली स्पेनच्या किनाऱ्यावर येत होती. घरात मात्र चर्चचा आणि सेन्सॉरचा धाक कायम होता. या ओढाताणीत सापडलेला, स्त्रीसहवासासाठी आसुसलेला आणि तितकाच बुजरा सामान्य माणूस लांदांनी रंगविला. अशा चित्रपटांनाच 'लांदिस्मो' म्हणतात. 'नो देसेआरास आल वेसिनो देल किंतो' (१९७०) या चित्रपटाची चाळीस लाखांहून अधिक तिकिटे खपली. पुढच्याच वर्षीच्या 'वेन्ते आ आलेमानिया, पेपे'मध्ये त्यांनी पोटापाण्यासाठी जर्मनीला जाणारा खेडूत साकारला. त्या काळी असंख्य स्पॅनिश मजूर हीच वाट धरत होते. समीक्षकांनी हे चित्रपट उथळ ठरविले, तरी प्रेक्षकांना पडद्यावर आपलेच कोंडलेपण दिसत होते.

हुआन आंतोनियो बारदेम यांच्या 'एल पुएन्ते' (१९७७) या चित्रपटाने वळण दिले. सुटीत मोटारसायकलवरून मौजेसाठी निघालेला मेकॅनिक वाटेत भेटणाऱ्या माणसांमुळे अंतर्मुख होतो. लांदांचा जुनाच नायक येथे विचार करू लागला. होसे लुइस गार्सी यांच्या 'एल क्राक'मध्ये (१९८१) त्यांनी मितभाषी खासगी गुप्तहेर उभा केला.

मिगेल देलिबेस यांच्या कादंबरीवरील 'लोस सान्तोस इनोसेन्तेस' (१९८४, दिग्दर्शक मारियो कामुस) हे त्यांच्या कारकिर्दीचे शिखर होय. एक्स्त्रेमादुरातील जमीनदाराचा गडी पाको शिकारीत जमीन हुंगून मालकाचे पक्षी शोधून देतो. पाय मोडल्यावरही त्याची सुटका होत नाही. शतकानुशतकांची लाचारी लांदांनी आक्रोश न करता, केवळ देहबोलीतून प्रकट केली. या भूमिकेसाठी त्यांना फ्रान्सिस्को राबाल यांच्यासमवेत कान महोत्सवाचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार विभागून मिळाला. ज्या सामान्य माणसावर स्पेन हसला होता, त्याच्याच दुःखाला या अभिनयाने प्रतिष्ठा दिली. लांदांचे दोन कालखंड परस्परविरोधी नसून एकाच माणसाच्या दोन बाजू आहेत.

पुढे होसे लुइस कुएर्दा यांच्या 'एल बोस्के आनिमादो' (१९८७) आणि 'ला मार्राना' (१९९२) या चित्रपटांसाठी त्यांनी गोया पुरस्कार पटकावले. 'दोन किहोते'वरील दूरचित्रवाणी मालिकेत फेर्नान्दो रेय यांच्या किहोतेसोबत त्यांनी सांचो पान्सा साकारला. 'लुस दे दोमिंगो' (२००७) नंतर ते निवृत्त झाले. २००८ मध्ये त्यांना सन्माननीय गोया पुरस्कार देण्यात आला. माद्रिद येथे त्यांचे निधन झाले.