वसईचा रक्तसाक्षी आणि ईश्वरी योजना



ज्युबिलीच्या आनंदांत दुःखाचा विषय कशाला, असें कोणी विचारील. परंतु ज्या कुटुंबांनीं हा धर्मग्राम उभारिला, त्यांपैकीं कोणाच्या घरीं मृत्यु व आजार आले नाहींत? २०२० व २०२१ सालच्या महामारींत तर कित्येकांना आपल्या माणसाच्या शवपेटीजवळ उभेंहि राहतां आलें नाहीं. अशा वेळीं "देवाची इच्छा" हे शब्द आपण सहज उच्चारतों. त्यांचा खरा अर्थ काय, हें जाणण्यास खाडीपलीकडील वसईच्या एका पुत्राचें चरित्र उपयोगी पडेल.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६ च्या सुमारास वसई येथें झाला. पिता पोर्तुगीज, माता याच भूमींतील. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखालीं त्यांचें शिक्षण झालें आणि तरुणपणींच ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथें त्यांनीं धर्मशिक्षकाचें काम केलें व जपानी भाषा उत्तम अवगत केली. येशूसंघांत आपणांस प्रवेश मिळावा, ही त्यांची उत्कट इच्छा. ती मात्र सफल झाली नाहीं. खिन्न मनानें त्यांनीं व्यापार पत्करिला. पुढें मनिला येथें ते फ्रान्सिस्कन संघांत साधे बंधु म्हणून दाखल झाले. १५९३ सालीं फादर पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून ते पुनः जपानला आले. जी भाषा शिकणें व्यर्थ गेलें असें वाटलें असेल, तीच आतां सेवेचें साधन झाली.

१५९६ सालीं "सान फेलिपे" हें स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटलें. त्यावरून सत्ताधीश हिदेयोशी याच्या मनांतील संशय बळावला आणि ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली. क्योतो येथें बंदिवानांच्या डाव्या कानाचा भाग कापण्यांत आला. भर हिवाळ्यांत सुमारें एक महिना त्यांची नागासाकीपर्यंत धिंड काढण्यांत आली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं २६ जणांना क्रुसावर मरण आलें. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय व सतरा जपानी प्रापंचिक होते. कांहीं तर कोवळीं मुलें होतीं. ज्या संघाचें द्वार गोन्सालोंसाठीं उघडलें नव्हतें, त्याच संघाचे तिघे त्याच टेकडीवर त्यांचे सोबती झाले.

त्या दिवशीं या मरणाचें फळ कोणास दिसलें? १६१४ सालीं जपानांत ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी आली. पुढें दोनशेंहून अधिक वर्षें तेथील भाविकांस धर्मगुरु नव्हता. तरी घराघरांतून स्नानसंस्कार व प्रार्थना गुप्तपणें चालू राहिल्या. १८६२ सालीं पोप नववे पायस यांनीं या २६ जणांस संतपद दिलें. त्यांच्या सन्मानार्थ नागासाकींतील औरा येथें ख्रिस्तमंदिर उभें राहिलें. आणि १७ मार्च १८६५ रोजीं उराकामी गांवचीं कांहीं माणसें तेथें आलीं. आपला विश्वासहि तोच आहे, असें त्यांनीं फादर पेतीजाँ यांस सांगितलें व पवित्र मरियेची मूर्ति कोठें आहे, तें विचारिलें.

वसईवरहि असाच प्रसंग गुदरला. १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई जिंकिली. युद्धांत व त्यानंतर अनेक ख्रिस्तमंदिरें ओस पडलीं. पोर्तुगीज निघून गेले. परदेशी सत्तेबरोबर तिचा धर्महि जाईल असें वाटावें, अशी ती वेळ होती. परंतु शेतकरी व कोळी यांच्या घरीं प्रार्थना थांबली नाहीं. आज त्याच भूमींत, गास येथें, संत गोन्सालोंच्या नांवाचें ख्रिस्तमंदिर आहे; १९९८ सालीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांतहि झाला.

मात्र एक सावधगिरी बाळगावयास हवी. हिदेयोशीचें क्रौर्य हें देवाचें कृत्य नव्हे. तें मनुष्याचें पाप होय. ९ ऑगस्ट १९४५ रोजीं त्याच उराकामीवर अणुबॉम्ब पडला व सुमारें १२,००० भाविकांपैकीं ८,५०० च्या आसपास मृत्यु पावले. ज्यांची पत्नी त्यांत गेली, त्या डॉ. नागाई यांनीं या मृतांस देवास वाहिलेला होम मानिलें. हें सांत्वन सर्वांसच पटलें नाहीं. १९८१ सालीं पोप दुसरे जॉन पॉल यांनीं हिरोशिमा येथें स्पष्ट सांगितलें, कीं युद्ध हें मनुष्याचेंच कृत्य आहे. यहूदाचा विश्वासघात हें पापच राहिलें. त्यांतूनहि देवानें तारण साधिलें. पाप मनुष्याचें, त्यांतून निघणारें जीवन देवाचें, हा भेद विसरूं नये.

येथील मूळ रहिवाशांनीं १९७० नंतर नवें शहर वसतांना आपल्या शेतजमिनी जातांना पाहिल्या; इतर कित्येक आपलें गांव मागें ठेवून करावे परिसरांत आले. प्रत्येकाजवळ असा एखादा प्रश्न आहे, ज्याचें उत्तर मिळालेलें नाहीं. संत गोन्सालोंनाहि १८६५ सालचा तो दिवस दिसला नाहीं. शेवट न दिसतां पुढील कर्तव्य करीत राहणें, यालाच श्रद्धा म्हणतात. म्हणून शोकाकुल घरीं जातांना "देवाची इच्छा" म्हणण्याची घाई करूं नये. आधीं त्यांच्याजवळ बसावें, चूल पेटली नसेल तर जेवण न्यावें, त्यांच्यासह रोजरी म्हणावी. देवाची इच्छा काय, तें त्या घरास तेथूनच कळूं लागेल.