श्रीरामपूरचा गोलंदाज आणि अमेरिकेचा ‘नकल बॉल’

क्रीडेतिहासात संस्मरणीय क्षण जपले जातात. त्या क्षणांच्या मुळाशी असलेल्या तंत्राची वंशावळ मात्र क्वचितच कोणी तपासतो. २ एप्रिल २०११ रोजी मुंबईच्या वानखेडे मैदानावर विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात झहीर खान यांनी पहिली तीनही षटके निर्धाव टाकली, हे सर्वांस स्मरते. त्याच सामन्यात श्रीलंकेचा कपुगेदरा एका मंद चेंडूवर फसून रैनाच्या हाती झेल देता झाला, हे फारसे कोणी आठवत नाही. प्रस्तुत टिपणाचा विषय हा दुसरा चेंडू होय.

या चेंडूस ‘नकल बॉल’ म्हणतात. ‘नकल’ म्हणजे बोटाचा सांधा. आपल्या कचेऱ्यांतील ‘खरी नकल’ या शब्दाशी त्याचे ध्वनिसाम्य केवळ योगायोगाचे आहे. परंतु तेच साम्य पुढील विवेचनाचा प्रश्न नेमका सुचविते. हे तंत्र अमेरिकेची नक्कल आहे काय?

नाव निःसंशय अमेरिकेतील बेसबॉलचे. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभी एडी सिकॉट या पिचरने हा चेंडू प्रसिद्धीस आणला. १९१९ च्या ‘वर्ल्ड सिरीज’मधील लाचप्रकरणात सापडून तो कायमचा बहिष्कृत झाला आणि लोकस्मृतीत त्याचे कसब त्याच्या अपराधाखाली गाडले गेले. पुढे हॉइट विल्हेल्म, फिल नीक्रो यांनी या चेंडूवर आपली कारकीर्द उभारली. नीक्रोने ३१८ विजय मिळविले. दोघेही वयाच्या पंचेचाळिशीनंतर खेळत राहिले, आणि याचे कारण तंत्रातच आहे. नखांच्या वा सांध्यांच्या आधाराने धरलेला चेंडू जवळजवळ न फिरता सुटतो. त्याच्या शिवणीवरून हवा विषम वाहते व चेंडू डगमगत जातो. तो कोठे वळेल हे फेकणाराही सांगू शकत नाही. वेगाची गरज नसल्याने खांद्यावर ताण कमी पडतो.

आता नगर जिल्ह्याकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्याकडे, वळू. अमेरिकेशी या जिल्ह्याचा संबंध जुना आहे. अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे नगरास १८३१ मध्ये स्थापन झाले. शाळा आल्या, छापील पुस्तके आली. बेसबॉल मात्र येथे रुजला नाही. तेव्हा या मार्गाने प्रभावाचा धागा जुळविण्याचा मोह अभ्यासकाने आवरावा. प्रवरेच्या कालव्यांनी भिजणाऱ्या ऊसपट्ट्यातील श्रीरामपूर येथे १९७८ साली जन्मलेले झहीर खान सतराव्या वर्षी मुंबईस गेले ते क्रिकेटसाठीच. तेथे सुधीर नाईक या माजी कसोटीपटूने त्यांना घडविले. (अंतिम सामन्याची वानखेडेवरील खेळपट्टी तयार करणारेही हेच नाईक, हा योग एखाद्या कादंबरीत अतिशयोक्त वाटला असता.)

त्यांच्या कारकिर्दीचा पूर्वार्ध वेगाचा. २००३ च्या विश्वचषकात त्यांनी १८ बळी घेतले. परंतु लोकांच्या मनात राहिले ते जोहान्सबर्गच्या अंतिम सामन्यातील पहिले षटक, ज्यात १५ धावा गेल्या. त्या दिवशी त्यांच्या ७ षटकांत ६७ धावा निघाल्या व बळी एकही मिळाला नाही. नंतर संघातील स्थान डळमळले. २००६ मध्ये वूस्टरशायर परगण्यासाठी खेळताना त्यांनी ७८ बळी मिळविले. माझ्या मते त्यांच्या चरित्रातील निर्णायक प्रकरण हेच. पण त्याला कोणताही एक ‘क्षण’ नाही, म्हणून ते स्मरणात राहिले नाही. २००९ मध्ये खांद्याची दुखापत झाली. २०११ साली ते बत्तीस वर्षांचे होते, आणि केवळ वेगावर विसंबणे त्यांना परवडणारे नव्हते.

नकल बॉलचा उपयोग क्रिकेटमध्ये त्यांनीच प्रथम केला असे नव्हे. दक्षिण आफ्रिकेच्या चार्ल लँगेवेल्टचे नाव त्यांच्याआधी घेतले जाते. झहीर यांनी मात्र तो सबंध स्पर्धेत नेमक्या वेळी वापरला. चेन्नईत वेस्ट इंडीजचा डेव्हन स्मिथ ८१ धावांवर त्याच चेंडूने त्रिफळाबाद झाला. येथे दोन खेळांतील भेद उघड होतो. नीक्रो हा चेंडू दिवसभर टाकी. त्याचे बळ अनिश्चिततेत होते. झहीर यांचे बळ अपेक्षाभंगात होते. धाव तीच, हाताची फिरकी तीच, चेंडू तेवढा उशिरा येणार. असा चेंडू षटकात तीनदा टाकला की त्याची किंमत संपली. पकड बेसबॉलमधून आली, प्रयोजन बदलले. दोन्हीकडे समान राहिली ती थकणाऱ्या खांद्याची गरज. आपल्या प्रबंधांतून ‘प्रभाव’ हा शब्द सढळ हाताने वापरला जातो, तेथे हे उदाहरण उपयोगी पडावे.

त्या स्पर्धेत झहीर यांचे २१ बळी झाले, शाहिद आफ्रिदीइतकेच, सर्वांत अधिक. अंतिम सामन्यातील त्यांचा हिशेब मात्र पूर्ण वाचावा : पहिल्या ५ षटकांत ६ धावा, उरलेल्या ५ षटकांत ५४.