जोडलेले उंदीर
* हा उल्लेख डग्लस कोलमन यांच्या प्रयोगांचा आहे. अमेरिकेतील मेन राज्यात बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत अतिलठ्ठ उंदरांचे दोन वंश होते : ‘ओबी’ आणि ‘डीबी’. दिसायला जवळपास सारखेच. कोलमन यांनी दोन जिवंत उंदरांची शरीरे शस्त्रक्रियेने अशी जोडली, की एकाचे रक्त थोडेथोडे दुसऱ्यात जावे. डीबीशी जोडलेल्या निरोगी उंदराने खाणे सोडले आणि तो उपासमारीने मेला. ओबीची गतही तीच झाली. डीबी मात्र खातच राहिला. म्हणजे तृप्तीचा निरोप रक्तातून मेंदूकडे जातो. ओबीच्या शरीरात तो तयारच होत नाही, डीबीच्या शरीरात तो भरपूर असतो, पण मेंदूला तो कळत नाही. हे प्रयोग वाचवत नाहीत, तरी १९७३ मधला हा तर्क विलक्षण स्वच्छ आहे. लठ्ठपणा म्हणजे निव्वळ खादाडपणा, ही समजूत तेव्हा शास्त्रज्ञांतही घट्ट होती. चरबीच्या पेशींत बनणारे ते हार्मोन, लेप्टिन, रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाला १९९४ मध्ये सापडले. मूळ मजकुरात श्रेय एकट्या फ्रीडमन यांना दिले आहे, ते अपुरे आहे. २०१० चा लास्कर पुरस्कार दोघांना मिळून देण्यात आला. — संपा.