एक चिन्ह, अनेक फायली

संगणकाच्या पडद्यावरील एका चिन्हावर आपण टिचकी मारतो आणि आज्ञावली सुरू होते. पण आज्ञावली म्हणजे एकच वस्तू नव्हे. यंत्राला कळणाऱ्या सूचना, चित्रे, आवाज, पडद्यावर दिसणारी वाक्ये असे बरेच सामान तिच्यासोबत लागते. ते एकत्र कसे बांधायचे?

१९८४ साली आलेल्या अ‍ॅपलच्या मॅकिंटॉशमध्ये एका फाईलला दोन कप्पे असू शकत. एकात साधी माहिती; दुसऱ्यात चिन्हे, मेनू आणि आज्ञावलीच्या सूचनादेखील. आपल्याला मात्र एकच फाईल दिसे. अडचण अशी, की इतर जातींच्या संगणकांना हा दुसरा कप्पा ठाऊकच नव्हता. त्यांच्याकडे जाऊन परत आलेली फाईल पुष्कळदा तो कप्पा गमावून येई, आणि मग आज्ञावली चालत नसे.

अमेरिकेतील नेक्स्ट कंपनीने १९८९ मध्ये आलेल्या नेक्स्टस्टेप प्रणालीत सोपा मार्ग काढला. विशेष प्रकारची फाईल नकोच. सगळे सामान साध्या फोल्डरमध्ये ठेवायचे. फोल्डरच्या नावाला ‘.अ‍ॅप’ हे शेपूट असले, की प्रणाली तो एकाच चिन्हाच्या रूपात दाखवी. ब्रिटनमधील एकॉर्न कंपनीच्या रिस्क ओएस प्रणालीतही हीच कल्पना होती. तेथे फोल्डरच्या नावाआधी उद्गारचिन्ह असे. अ‍ॅपलने नेक्स्ट विकत घेतल्यावर हे फोल्डर २००१ साली मॅक ओएस टेन प्रणालीत आले.

या रचनेतील एक गोष्ट आम्हांला विशेष मोलाची वाटते. पडद्यावरील वाक्ये सूचनांपासून वेगळी, भाषावार फोल्डरांत ठेवता येतात. आज्ञावलीला मराठी बोलायला लावायचे, तर मूळ सूचनांना हात न लावता मराठी वाक्यांचा फोल्डर जोडायचा. भाषांतर करणाऱ्याला आज्ञावली लिहिता यायला हवी असे नाही. भाषा उत्तम यायला हवी!

मात्र २००७ पासून या पेटीवर निर्मात्याची अंकीय सही असू शकते. आतील फाईल बदलली, तर ती सही जुळत नाही. त्यामुळे घातक फेरफार उघडकीस येतो. पण बाहेरच्या माणसाला परस्पर भाषांतर घालणेही अवघड होते. मराठीचा फोल्डर आत असावा की नाही, हे आता मुख्यतः निर्माताच ठरवतो.

शाळेत मॅक संगणक असेल, तर कंट्रोलची कळ दाबून आज्ञावलीच्या चिन्हावर टिचकी मारा आणि आतील सामान दाखवण्याचा पर्याय निवडा. काही बदलू नका. कोणकोणत्या भाषांचे फोल्डर आहेत, तेवढे विद्यार्थ्यांना मोजू द्या. ‘एमआर’ हे मराठीचे सांकेतिक नाव त्यांत सापडते का, तेही पाहा.