गोल्डफिशनंतरचे भाडेकरू

घरातल्या काचेच्या टाकीचा पहिला भाडेकरू गोल्डफिश. निऑन टेट्रा, गप्पी, एंजल, फायटर ही मंडळी नंतरची. मासे विकणाऱ्या दुकानात गेलात तर दुकानदार आजही सवयीने सांगतो, की गोल्डफिश 'कोल्डवॉटर' आणि बाकीचे 'ट्रॉपिकल'. हे तो पुण्यात, एप्रिल महिन्यात, पंख्याखाली घाम पुसत सांगत असतो. ही वाटणी इथली नाही, हे तिथेच कळतं. ती लंडन, पॅरिस आणि बर्लिनच्या गारठलेल्या दिवाणखान्यांत ठरली. आपण ती माशांच्या खाद्याच्या डब्यासारखी तयार उचलली.

गेल्या वर्षी मी माझी गोल्डफिशची टाकी उष्ण पाण्याच्या माशांसाठी बदलायला घेतली आणि त्या नादात हा सगळा इतिहास वाचत गेले. हीटर लावला, मासे बदलले, झालं, असं हे काम वरवर दिसतं. पण ही गोष्ट उष्णतेची कमी आणि श्वासाची जास्त आहे, असं माझं मत होत गेलं.

गोल्डफिश मूळचा चीनचा. साध्या, मातकट रंगाच्या कार्प माशांत अधूनमधून सोनेरी पिल्लू निघायचं. सोंग घराण्याच्या काळात (960 ते 1279) अशी पिल्लं वेगळी काढून तळ्यांत वाढवली जाऊ लागली. सतराव्या शतकात ती युरोपात पोचली. पण खोलीतल्या टाकीत मासा महिनोन्‌महिने जगवणं कुणाला नीट जमत नव्हतं. रोज पाणी बदला, नाहीतर मासा मेला.

ते कोडं सोडवलं लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने. ब्रिटनमध्ये 1845 साली काचेवरचा कर रद्द झाला होता. वॉरिंग्टनने एका टाकीत दोन गोल्डफिश, व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती आणि थोड्या गोगलगायी ठेवल्या. मासा सोडतो तो वायू वनस्पती घेते, वनस्पती सोडते तो ऑक्सिजन मासा घेतो आणि सडलेली पानं गोगलगाय खाते. हा हिशेब त्याने 1850 साली प्रसिद्ध केला. 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात माशांचं दालन उघडलं, 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस यांचं 'द अक्वेरियम' आलं आणि मध्यमवर्गीय घरांत टाक्यांची साथच पसरली.

या सगळ्या टाक्या थंड होत्या, आणि त्या तशाच असणं भाग होतं. कारण साधं आहे. 10 अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात जास्तीत जास्त 11 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो. 26 अंशाला तो 8 वर येतो. दुसरीकडे, पाणी तापलं की माशाचं शरीर जोरात चालायला लागतं आणि त्याला ऑक्सिजन जास्त लागतो. म्हणजे उत्पन्न घटतं आणि खर्च वाढतो. पुण्याच्या उन्हाळ्यात गोल्डफिश पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतो ते यामुळे. लोकांना वाटतं, भूक लागली. मग ते आणखी खाद्य टाकतात.

ही अडचण ओलांडली पॅरिसमध्ये, आणि तीही एका माशाने. पिएर कार्बोनिए हे तिथले मत्स्यपालक. 1869 साली त्यांच्याकडे चीनहून काही जिवंत मासे पोचले. लाल-निळे पट्टे, झुपकेदार शेपूट. पॅराडाइज फिश. लिनियसने त्याला 1758 मध्येच शास्त्रीय नाव देऊन ठेवलं होतं, पण युरोपला ठाऊक होता तो मेलेला नमुना. हा मासा भातखाचरांत आणि साचलेल्या डबक्यांत राहणारा. त्याच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वर, घड्याघड्यांचा एक अवयव असतो. पृष्ठभागावर येऊन तो चक्क हवा घेतो. पाण्यात ऑक्सिजन कमी आहे? असू दे. कार्बोनिए यांच्याकडे त्याने पिल्लंही घातली. नर तोंडाने बुडबुडे सोडून तरंगतं घरटं बांधतो, अंडी तोंडात उचलून त्यात ठेवतो आणि राखण करत बसतो, हे त्यांनी पाहून लिहिलं. टाकीकडे बघत बसावं असं काहीतरी लोकांना आता मिळालं.

गंमत अशी, की पॅराडाइज फिशला फारशी ऊब लागतही नाही. गार खोलीत तो निभावतो. म्हणून मला तो दारातला पाहुणा वाटतो, एक पाय थंड टाकीत आणि एक उष्ण टाकीत. आपल्याकडे प्लास्टिकच्या ग्लासात विकला जाणारा फायटर आणि गुरामी हे त्याचेच भाऊबंद. हवा घेता येते हे त्या फायटरचं भाग्य म्हणायचं की दुर्दैव, ते तुम्ही ठरवा.

ऊब नंतर आली. जर्मनी आणि अमेरिकेतल्या हौशी लोकांनी टाकीचा तळ धातूचा किंवा स्लेटच्या लादीचा केला आणि खाली दिवा किंवा गॅसची बारीक ज्योत ठेवली. रात्री ज्योत विझली की पाणी गार आणि वाढली की रस्सा. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात विजेचा हीटर आणि थर्मोस्टॅट घराघरांत रुळले, तेव्हा ही रात्रपाळी संपली. थर्मोस्टॅटमध्ये दोन धातूंची एकत्र चिकटवलेली पट्टी असते. तापली की वाकते, वीज तुटते. निवली की सरळ होते, वीज जोडली जाते. एवढ्याशा पट्टीच्या जिवावर अॅमेझॉनचा मासा बर्फाळ शहरात राहायला आला. 1936 मध्ये निऑन टेट्राला शास्त्रीय नाव मिळालं ते फिलाडेल्फियाचे अक्वेरियम-लेखक विल्यम इन्स यांच्यावरून. छंदाचं वजन तोवर किती वाढलं होतं, बघा.

टाकी बदलताना सगळ्यात जास्त जपावी लागते ती मात्र न दिसणारी गोष्ट, आणि तिच्यामागे एका बापलेकाची कथा आहे. वॉरिंग्टनच्या हिशेबात एक रकमेची नोंदच नव्हती: माशाच्या अंगातून सुटणारा अमोनिया. 1877 मध्ये श्लोझिंग आणि म्युन्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी दाखवलं, की अमोनियाचं नायट्रेट होतं ते सूक्ष्मजीवांमुळे. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडच्या शेती-प्रयोगशाळेत यावर पुढे वर्षानुवर्षं काम करणारा माणूस होता रॉबर्ट वॉरिंग्टन, त्या टाकीवाल्याचाच मुलगा. हे काम दोन टप्प्यांत, दोन वेगळे जीव करतात हे त्याने ओळखलं. बाप 1867 मध्ये गेला होता. ज्याच्यामुळे त्याची टाकी जगली, ते मुलगा शेतातल्या मातीत शोधत होता.

म्हणून मी टाकी रिकामी करून घासली नाही. आधी दोन्ही गोल्डफिश एका मैत्रिणीच्या अंगणातल्या दगडी हौदात गेले. नदीत सोडायचा प्रश्नच नव्हता, परका मासा नदीत गेला की काय होतं ते आपण मुळा-मुठेत पाहतोच आहोत. फिल्टरचा स्पंज टाकीतल्याच पाण्यात पिळला, कारण नळाच्या क्लोरीनने त्यातले सूक्ष्मजीव मरतात. मग हीटर, दिवसाला एक अंश. घाई नको, कारण पीएच 8 असलेलं पाणी 15 वरून 25 अंशांवर नेलं, की तेवढ्याच अमोनियातला विषारी वाटा साधारण दुप्पट होतो. तापमान स्थिरावल्यावर आठवड्याला चार-पाच, असे नवे मासे आले.

नवे म्हणजे झेब्रा डॅनिओ आणि लहान गुरामी. दुकानातल्या पाटीवर दोन्ही 'ट्रॉपिकल'. दोन्हींचं वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टनने 1822 साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात केलेलं आहे. पुढे सर्वेक्षणाच्या कामावर असलेल्या कर्नल साइक्सने दख्खनच्या नद्यांतल्या माशांवरही लिहिलं. इथल्या ओढ्यातला मासा युरोपात 'ट्रॉपिकल' झाला आणि तेच नाव गळ्यात अडकवून परत आला.

सगळ्यात विचित्र अवस्था 'मिस केरला'ची आहे. लांबट चंदेरी मासा, अंगावर लाल आणि काळी रेघ. फ्रान्सिस डे यांनी 1865 मध्ये त्याला मद्रासचे गव्हर्नर डेनिसन यांचं नाव दिलं. 1990च्या दशकात जगभरच्या हौशी लोकांची नजर त्याच्यावर गेली आणि केरळ-कर्नाटकातल्या डोंगरी नद्यांतून तो निर्यातीसाठी उपसला गेला. आज तो धोक्यात आलेल्या प्रजातींच्या यादीत आहे. 2013 मध्ये त्याच्यासाठी नवी प्रजाती-शाखा केली गेली, नाव 'सह्याद्रिया'. आता काही ठिकाणी त्याची पैदासही होते, त्यामुळे विकत घेताना नदीतला की पैदाशीचा हे विचारता येतं. मी विचारलं. दुकानदाराला माहीत नव्हतं.

हा मासा खळाळत्या, बेताच्या गार, भरपूर ऑक्सिजन असलेल्या पाण्यातला. त्या दुकानात तो 'ट्रॉपिकल'च्या रांगेत होता. टाकीवरच्या थर्मामीटरवर 29 अंश. पाच मासे होते आणि पाचही फिल्टरचं पाणी पडतं त्या कोपऱ्यात, धारेकडे तोंड करून, एका ओळीत उभे होते.