वहीत नसलेला रकाना

इतिहासात राजे सापडतात, बाळंतीण सापडत नाही. तिला आकड्यांत शोधावं लागतं. पुणे जिल्ह्यात १८७२ साली ९,२१,३५३ माणसं होती. मधे १८७६-७८चा दुष्काळ झाला अन् १८८१ला उरली ९,००,६२१. माणसं मेली, परागंदा झाली. पण उपाशी बाईची पाळीच थांबते, दिवस गेले तरी पोर टिकत नाही, हाही हिशेब त्यातच आहे. इंग्रजांच्या दुष्काळी कामावर पुरुषाला १ पौंड धान्याची किंमत आणि वर थोडी चिल्लर. बाईला त्याहून कमी. पोटातल्या जिवाचं काय? काही नाही.

१९४४-४५ला हॉलंडात उपासमार झाली, तेव्हा शेवटचे तीन महिने उपाशी काढलेल्या आयांची पोरं सुमारे ३०० ग्रॅमनी हलकी जन्मली. तिथं वजनं लिहिलेली होती. आमच्या पोरांना कोणी तोललं?

बाबासाहेब १९२८ साली मुंबई कौन्सिलात बोलले, की बाळंतपणाच्या आधी-नंतर बाईला विश्रांती देणं देशाच्या हिताचं आहे, भार बराचसा सरकारनं उचलावा. १९२९ला कायदा झाला, पण कारखान्यातल्या बाईपुरता. जुन्नर-आंबेगावची दलित, आदिवासी शेतमजुरीण बाहेरच.

७२च्या दुष्काळात बाया खडी फोडायला बसल्या. मजुरी मापावर. सातवा महिना लागला की खडी कमी, खडी कमी की दाम कमी. मुकादमाला पोट दिसायचं, पण त्याच्या वहीत तसला रकाना नव्हता.

वस्तीतल्या म्हाताऱ्यांना विचारा, त्या साली किती पोरं झाली, किती जगली. लिहून घ्या.